म्हशीच्या नाकापर्यंत लाट कशी न्यायची?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरते. आज या गावाला, उद्या त्या गावाला. दिवसा दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पाळणे, भजी, बत्ताशे, कानातल्यांची दुकानं. मी दरवर्षी साकोलीकडच्या एका गावात ताईच्या घरी मुक्काम ठोकतो. कारण विचाराल तर दंडार हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ताईच्या हातचे अनारसे.

यंदा माझी सहावीतली भाची आईचा फोन घेऊन मंडईत फिरत होती. दंडारीतल्या नाच्याचा एक झकास फोटो तिनं काढला आणि भंडाऱ्याला आजीकडे पाठवला. म्हणजे, पाठवायला घेतला. फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं.

"मामा, टॉवरच्या दांड्या तर पुऱ्या आहेत. मग फोटो काऊन नाही जात?"

प्रश्न एक नंबर होता. गावात रेंज नसली की आपण गच्चीवर चढतो, झाडाखाली जातो, फोन आडवा-उभा धरतो. पण रेंज पूर्ण आणि काम शून्य? त्या वेळी आम्ही नेमके दोन भोंग्यांच्या मधोमध उभे होतो. डावीकडे पाळणेवाला ओरडत होता, उजवीकडे कानातलेवाला.

"भोंगे जोरात ऐकू येतात ना?" मी विचारलं.

"कान फुटून राह्यले!"

"आणि काय बोलतात ते कळतंय?"

तिनं थोडं ऐकून पाहिलं. "पाळणा दहा रुपयाला जोडी," ती म्हणाली आणि हसत सुटली.

फोनचंही तेच झालं होतं. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. त्या आवाजात दुसऱ्या टॉवरची किती लुडबुड आहे, आणि त्या एकाच टॉवरशी बोलायला मंडईतले किती फोन रांगेत उभे आहेत, हे दांड्यांवरून समजत नाही. एरवी त्या टॉवरवर एका गावाची गर्दी, आणि मंडईच्या दिवशी पंचक्रोशी लोटलेली.

आता टॉवर म्हणजे काय ते जरा नीट बघा. पुढच्या वेळी रस्त्यानं जाताना मान वर करा. टॉवरच्या डोक्यावर लांबट पांढऱ्या पेट्या उभ्या बांधलेल्या दिसतील, बहुधा तीन बाजूंना तोंड करून. प्रत्येक बाजू गोलाचा एक तृतीयांश भाग सांभाळते. जुन्या पद्धतीची पेटी आपल्या सगळ्या भागात एकसारखा आवाज टाकते. त्या भागात मंडई आहे, धानाच्या बांध्या आहेत, धुऱ्यावर उभा असलेला एक बगळाही आहे. बगळ्याकडे फोन नाही, पण लाटा त्याच्यापर्यंतही जातात. एवढंच नाही, पलीकडच्या गावात दुसऱ्या टॉवरशी बोलणाऱ्या फोनच्या कानातही जातात, आणि तिथं त्यांची काही गरज नसते.

हा झाला कंदील. चहूकडे उजेड, पण सगळीकडे अंधुकच. रात्री रानडुकरांपासून धान राखायला जागलीला बसलेला माणूस कंदील घेऊन डुक्कर शोधत नाही. तो बॅटरी मारतो. उजेडाचा झोत जिथं हवा तिथंच जातो, आणि शेजारच्या मचाणावर झोपलेल्याच्या डोळ्यांवर पडत नाही.

मग टॉवरनंही बॅटरी मारावी की! पण बॅटरी वळवायला हात लागतो. मंडईत हजार माणसं फिरतायत, कुणी मोटरसायकलवर निघालंय, कुणी पाळण्यात गरगरतंय. टॉवरवर चढून झोत कोण वळवणार?

कुणीच नाही. झोत वळतो, पेटी मात्र जागची हलत नाही. हे कसं, ते मी भाचीला दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तलावावर दाखवलं.

"मामा तलाव म्हणजे तुमचा तलाव का?" हा विनोद मला दरवर्षी ऐकावा लागतो. तो 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी'. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथं उतार हेरून, मातीच्या पाळी घालून शेकडो तलाव बांधले. पुढं ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते, मालगुजारी गेली आणि तलावांच्या नावापुढे 'माजी' लागलं. धानाला पाणी, ढिवरांना मासे, म्हशींना डुंबायला जागा, आणि आज आम्हाला प्रयोगशाळा.

भाची गल्लीतली आणखी सहा पोरं घेऊन आली. ताई वरच्या पायरीवर येऊन बसली, कारण मी बोलायला लागलो की पोरं कुठं जातात याकडे माझं लक्ष राहत नाही हे तिला ठाऊक आहे. (तुम्ही हा प्रयोग कराल तेव्हा तुमच्याही पायरीवर एक ताई पाहिजेच. पाण्याजवळ एकटं जायचं नाही.)

सात पोरं, एका ओळीत, हातहात अंतर सोडून. प्रत्येकाच्या हातात लिंबाएवढा दगड. समोर पंधरा-वीस फुटांवर, जराशी उजवीकडे, एक म्हैस मानेपर्यंत पाण्यात बसलेली.

"ती म्हैस म्हणजे आपला मोबाइल," मी म्हणालो. "दगड तिच्याकडे फेकायचा नाही. आपल्या पायापुढे सरळ खाली सोडायचा. तरी लाट तिच्या नाकापर्यंत गेली पाहिजे."

पहिल्या खेपेला सगळ्यांनी एकदम दगड सोडले. डुबुक! सात वर्तुळं उठली, फुगत गेली, एकमेकांना खांदे लावून उभी राहिली, आणि त्यांची मिळून एक सरळ लाट तयार झाली. ती ओळीच्या बरोब्बर समोर, तलावाच्या मध्याकडे निघून गेली. म्हशीला तिचा पत्ताच नाही.

"आता पाळीपाळीनं. कोणाकडून सुरू करायचं, डावीकडून की उजवीकडून?"

सातांपैकी पाच जण म्हणाले, उजवीकडून. म्हैस उजवीकडे आहे ना! मी म्हटलं, करून पाहा. उजव्या टोकापासून अर्ध्या अर्ध्या सेकंदानं एकेक दगड पडला. लाट डावीकडे तिरपी होऊन गेली आणि कमळाच्या पानांत शिरली.

मग डाव्या टोकापासून. डुबुक, डुबुक, डुबुक... आणि लाट चक्क उजवीकडे वळली. जो सगळ्यात उशिरा दगड टाकतो, त्याच्या बाजूला लाट झुकते. का, ते पाण्यातच दिसत होतं. सातव्याचा दगड पडेपर्यंत पहिल्याचं वर्तुळ चांगलं मोठं झालेलं, दुसऱ्याचं त्याहून लहान, तिसऱ्याचं आणखी लहान. या सगळ्या वर्तुळांना टेकणारी रेघ ओढा, ती तिरपीच येणार. लाट त्या तिरप्या रेघेला काटकोनात पुढं सरकते. म्हशीच्या नाकाला पाणी लागलं, तिनं फुर्रर केलं, आणि पायऱ्यांवर एकच कल्ला झाला.

लक्षात घ्या, कुणीही जागा सोडली नाही. कुणी दगड फेकला नाही की जास्त जोर लावला नाही. बदललं ते एवढंच, की कोणी कधी सुरुवात करायची. टॉवरच्या झोताची सगळी जादू तेवढ्यात आहे.

टॉवरच्या नव्या पेटीत पोरांच्या जागी बोटभर धातूचे तुकडे असतात. एका नेहमीच्या प्रकारात असे १९२ तुकडे ओळीओळीनं बसवलेले आणि त्यांना चालवणारे ६४ स्वतंत्र ट्रान्समीटर. १ ऑक्टोबर २०२२ला भारतात फाइव्ह-जी सुरू झालं, त्यातला एक मुख्य पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. म्हणजे लाट सेकंदाला साडेतीन अब्ज वेळा वर-खाली होते. रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते, तेव्हा भागाकार केला की एका लाटेची लांबी येते साधारण साडेआठ सेंटिमीटर. कंपासपेटीतली पट्टी काढून बघा, तळहाताची रुंदी निघेल. शेजारशेजारचे तुकडे याच्या साधारण निम्म्या अंतरावर, सव्वाचार सेंटिमीटरवर.

आमच्या पोरांनी अर्ध्या सेकंदाचा उशीर केला. टॉवरला झोत तीस अंश वळवायचा असेल तर शेजारच्या दोन तुकड्यांत किती उशीर लागेल? सेकंदाचे एक अब्ज तुकडे करा. त्यातला एक उचला. त्याचे आणखी चौदा तुकडे करा. त्यातला एक. एवढा! चिप हा हिशेब चुकू देत नाही, आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या फोनसाठी दुसरा हिशेब मांडते.

फायदा किती होतो, तेही सांगतो. समजा एकाच तुकड्यात सगळी वीज न ओतता तीच वीज ६४ तुकड्यांत वाटली आणि सगळ्यांच्या लाटा एका दिशेला पावलात पाऊल घालून निघाल्या. कागदावरच्या हिशेबानं त्या दिशेला ६४ पट जोर मिळतो. वीज तेवढीच! मग जादा जोर आला कुठून? बगळ्याच्या वाटणीचा. ज्या दिशांना कुणी ऐकणारं नव्हतं, तिकडचं पाणी बंद करून एकाच बांधीत सोडावं, तसं.

पण टॉवरला कळतं कसं, म्हैस कुठं बसलीय ते?

हा प्रश्न भाचीनं नव्हे, तिच्या शेजारच्या चौथीतल्या पोरानं विचारला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. टॉवरला डोळे नाहीत. पण म्हैस पाण्यात हलली की तिचीही लाट उठते, आणि ती सात पोरांच्या पायांपाशी वेगवेगळ्या वेळी पोचते. उजवीकडच्याला आधी, डावीकडच्याला शेवटी. हा क्रम ध्यानात ठेवा आणि बोलताना उलटा करा. ज्याला शेवटी ऐकू आलं त्यानं आधी बोलायचं. झालं, लाट म्हशीकडे परत! फोन अधूनमधून टॉवरला एक ठरलेला, ओळखीचा सूर ऐकवत असतो. टॉवरचे तुकडे तो ऐकतात आणि त्यावरून उलटा क्रम मांडतात. शिवाय टॉवर स्वतःही जागल्यासारखा झोत फिरवत राहतो. साडेतीन गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा ८ झोतांपर्यंत फेरी असते, त्याहून खूप आखूड लाटांच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६४ झोतांपर्यंत. फोन सांगतो, मला तिसरा नीट दिसला.

ही युक्ती अगदी आजकालची आहे असं वाटतं ना? १९०५ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी तीन अँटेना उभ्या करून, एकीला जरा उशिरा चालवून, रेडिओलहरी एका बाजूला जास्त जोरात पाठवून दाखवल्या होत्या. तेव्हा मोबाइल सोडाच, घरात रेडिओसुद्धा नव्हता. चार वर्षांनी त्यांना मार्कोनींबरोबर नोबेल मिळालं. खुद्द आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळच्या खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण आकाशातल्या रेडिओलहरी ऐकते. त्या तीस तबकड्यांचे आवाजही असेच वेळा जुळवून एकत्र केले जातात. आणि तिथल्या शास्त्रज्ञांची एक मोठी डोकेदुखी कोणती, माहितेय? मोबाइलचा गोंगाट.

आता या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा भाग. झोत बनवता येतो हे ठीक. पण शांतता बनवता येते!

शाळेच्या प्रयोगशाळेतून नादकाटा मागून घ्या. रबरी ठोकळ्यावर आपटा, कानाजवळ उभा धरा, आणि दांडी दोन बोटांत धरून हळूहळू गोल फिरवा. आवाज येईल, जाईल, येईल, जाईल. एका पूर्ण फेरीत चार वेळा तो जवळजवळ नाहीसा होतो. काटा तर थरथरतोच आहे! होतं असं, की काट्याच्या दोन पात्यांमधून आणि बाहेरून निघालेल्या लाटा काही दिशांना एकमेकींच्या उलट पडतात. एकीचा उंचवटा, दुसरीचा खड्डा. बेरीज शून्य. दोन आवाज मिळून शांतता. विज्ञानाच्या पुस्तकात याला व्यतिकरण असं भारदस्त नाव आहे.

टॉवर हेच मुद्दाम करतो. भजीच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या आईच्या फोनकडे झोत, आणि त्याच वेळी पाळण्यापाशी उभ्या काकांच्या फोनवर खड्डा-उंचवटा जुळवून शांतता. काकांसाठी दुसरा झोत, त्याची शांतता आईच्या फोनवर. दोघांशी एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलणं चालू आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. आमचे दोन भोंगेवाले हे शिकले असते तर! माझ्या कानात पाळण्याचा भाव आणि ताईच्या कानात कानातल्यांचा. ताईनं काय घेतलं असतं ते सांगायची गरज नाही.

हे सगळं गणित ज्यांनी बसवलं त्यांतली दोन नावं तुम्हाला माहीत असायला हवीत, कारण दोघांची वाट महाराष्ट्रातून गेली आहे. थॉमस कैलथ १९३५ साली पुण्यात जन्मले, सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकले आणि १९५६ साली पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन पुढं अमेरिकेला गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज. मूळचे तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे, भारतीय नौदलातले अधिकारी, इंजिनिअरिंग लोणावळ्याच्या नौदलाच्या कॉलेजात. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पाण्याखालची पाणबुडी वेळेत ऐकू यायला हवी, हे त्या दिवशी फार महागात कळलं. पॉलराज पाण्याखालच्या आवाजांच्या मागे लागले आणि त्यांच्या पुढारपणाखाली नौदलासाठी 'अप्सोह' हे सोनार तयार झालं. सोनार म्हणजे काय, तर पाण्यात उतरवलेले खूप सारे कान. कुठल्या कानाला आवाज आधी आला, कुठल्याला नंतर, त्यावरून दिशा. आमच्या सात पोरांचंच काम, फक्त म्हशीऐवजी पाणबुडी.

पुढं पॉलराज स्टॅनफर्डला कैलथ यांच्याकडे गेले. लाट कुठून आली हे अचूक काढण्याची एक नावाजलेली पद्धत त्यांच्या गटानं ऐंशीच्या दशकात शोधली. आणि १९९२ साली दोघांनी मिळून एका पेटंटसाठी अर्ज केला, तो १९९४ साली मंजूर झाला. एकाच पट्ट्यात, एकाच वेळी, अनेक अँटेनांवरून वेगवेगळा मजकूर पाठवायचा आणि पलीकडे अनेक अँटेनांनी तो वेगळा करून घ्यायचा, ही त्यातली कल्पना. आज तिला मायमो म्हणतात. वाय-फायच्या डब्याला दोन-चार शिंगं दिसतात ना, ती त्याच घराण्यातली.

मायमोची गंमत घरी बघायची असेल तर परात घ्या. भंडाऱ्याची भांडी म्हणजे पितळेची, तेव्हा ताईकडे परात पितळेचीच निघाली. तिच्यात दोन बोटं पाणी घातलं आणि बोटाचं टोक बुडवलं. लाट काठाला जाऊन परत आली, परत आलेली पुढच्या लाटेत मिसळली, आणि क्षणात नुसती खळबळ. काठाला आतून ओलं फडकं गुंडाळलं, तर पाणी पुष्कळ शहाण्यासारखं वागलं. गावातही असंच आहे. टिनाचे पत्रे, भिंती, पाण्याची टाकी, सगळे परातीचे काठ. रेडिओलहरी त्यांवर आपटून फोनकडे चार वाटांनी येतात. पूर्वी इंजिनिअर या प्रतिध्वनींना वैतागायचे. मायमोनं उलटं केलं. वाटा चार आहेत? मग चार वाटांनी चार गोष्टी पाठवू! जिथं काठ जास्त, तिथं वाटा जास्त.

गोंधळ कमी करायच्या बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. पेटीचं नाक किंचित खाली झुकवायचं, म्हणजे आवाज आपल्या गावातच पडतो. फोन जवळ असेल तर त्याला कुजबुजायला सांगायचं, दूर असेल तर ओरडायला. कोकाच्या जंगलाकडे जाताना फोनची बॅटरी भराभर उतरते ती म्हणूनच, तो जीव तोडून ओरडत असतो. आणि शेजारच्या टॉवरांनी बोलायच्या आणि ऐकायच्या वेळा उपग्रहाच्या घड्याळावर जुळवायच्या. एक बोलत असताना दुसरा ऐकायला बसला तर त्याच्या कानात शेजाऱ्याचीच आरोळी.

सगळ्या टॉवरांवर अजून ही झोताची पेटी नाही, बरं का. ओळखायची खूण सांगतो. पुरुषभर उंच, अरुंद पट्टी दिसली तर ती बहुधा जुनी, कंदील. तिच्या शेजारी आखूड, रुंद, पाठीवर दप्तर बांधल्यासारखा जाडजूड डबा दिसला तर तो झोतवाला. दप्तर यासाठी, की तो सगळा हिशेब करणारे ट्रान्समीटर त्याच डब्यात असतात आणि तापतात. आमच्या मंडईच्या गावातल्या टॉवरवर मी दोनदा पाहिलं. पट्ट्याच आहेत.

भाचीचा फोटो आजीला पहाटे पावणेचारला पोचला, मंडई रिकामी झाल्यावर.

सकाळी तलावावर मात्र पहिला प्रयोग संपेपर्यंत दुसरी म्हैस येऊन डावीकडे बसली होती. पोरांना आता दोन्ही म्हशींना एकदम लाट पाठवायची होती. भाचीनं हुकूम सोडला, प्रत्येकानं दोन दोन दगड घ्या, एक डाव्या क्रमानं, एक उजव्या. चौथीतलं पोर म्हणालं, मी मधे आहे, माझे दोन्ही दगड एकदमच पडणार, मग मी एकच मोठा घेऊ का? मी तोंड उघडलं आणि मिटलं. बरोबर होतं त्याचं. मधल्यापुरते दोन्ही क्रम एकाच क्षणाला येतात आणि दोन लाटांची बेरीज होते.

तो मोठा दगड शोधायला गेला. पुरेसा मोठा मिळाला नाही, तेव्हा त्यानं पाळीवरून एक भलामोठा धोंडा ढकलत आणला. तो पाण्यात पडला तो कुठल्याच क्रमात नाही. सगळ्यांचे कपडे भिजले, ताई वरच्या पायरीवरून ओरडली, आणि दोन्ही म्हशी उठून, शेपट्या झटकत, पाळ चढून गावाकडे चालत्या झाल्या.

"गेल्या," भाची म्हणाली. "कव्हरेजच्या बाहेर."